'कागद कापून भाषा येत नाही' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही इतकी वर्षं शाळेत संस्कृत शिकवलंय, त्यामुळे घाईघाईत उत्तर द्यायचं नव्हतं. तुमचं म्हणणं असं की आठवीच्या मुलांनी रंगीत कागद कापून आणि झेंडू मांडून स्पॅनिश येत नाही, त्यापेक्षा क्रियापदांची रूपं पाठ करून घ्या, आणि मेलेल्या माणसांचा परदेशी सण वर्गात हवाच कशाला.

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. पहिल्या वर्षी मी स्पॅनिशच्या वर्गात 'दिया दे मुएर्तोस', म्हणजे मेक्सिकोतला हाच गेलेल्या माणसांचा सण, घेतला तेव्हा मुलांनी पापेल पिकादो, म्हणजे ते जाळीसारखे कापलेले पताकांचे कागद, फार सुंदर केले आणि दोन्ही तास सगळे मराठीतच बोलत होते, कात्री दे, गोंद कुठाय. ती चूक माझीच होती.

आता तसं नाही करत. ओफ्रेंदा म्हणजे मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला घरातल्या गेलेल्या माणसांसाठी करतात ती मांडणी, त्यांचा फोटो, मेणबत्त्या, झेंडू आणि त्यांच्या आवडीचं खाणं (आपल्याकडे तेव्हा बऱ्याचदा दिवाळीची सुट्टी असते म्हणून मी दसरा झाला की लगेच घेते). वर्गातल्या ओफ्रेंदावर वस्तू ठेवायची तर त्या माणसाबद्दल पाच वाक्यं स्पॅनिशमध्ये बोलायची, कागद न बघता.

एका मुलाने आजोबांचा चहाचा कप आणला होता. त्याला 'तोमो' एवढंच येत होतं, म्हणजे 'प्याले'. तो अडला आणि म्हणाला, मॅम, पण ते एकदाच नाही प्याले, रोज चार वाजता प्यायचे. बघा ना सर, प्याले आणि प्यायचे हा फरक त्याच्या मराठीत आधीपासून होताच, त्याला फक्त 'तोमाबा' हवं होतं, ते मी फळ्यावर लिहिलं ('पीत होते'ला पण हेच रूप चालतं, ते नंतर सांगितलं) आणि अख्ख्या वर्गाने आपापल्या आजी-आजोबांची वाक्यं बदलायला घेतली. हाच काळ मी आधी तक्ता लावून शिकवला होता, तेव्हा कोणालाच तो लागत नव्हता.

'आवडणे'चं पण तसंच आहे. इंग्रजीतून विचार करणारी मुलं 'यो गुस्तो' म्हणून मोकळी होतात आणि ते चूक. मी म्हणते मराठीत बोला आधी. मला आंबा आवडतो, मे गुस्ता एल मांगो. मला आंबे आवडतात, मे गुस्तान लोस मांगोस. दोन्हीकडे क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं, माझ्याप्रमाणे नाही!

आणि परदेशी सण म्हणालात त्याबद्दल. झेंडू मूळचा मेक्सिकोचाच आहे सर, आपण दसऱ्याला ज्याची तोरणं लावतो तोच. तिकडे त्याला सेंपासुचिल म्हणतात, नाहुआत्ल भाषेतला शब्द, अर्थ 'वीस फुलं'. हे सांगितल्यावर एका मुलीने स्वतःहून विचारलं की मग सर्वपित्रीला आपण आजीच्या आवडीचं करतो ते पण ओफ्रेंदाच का? मी तिला 'हो' नाही म्हटलं कारण दोन्ही एक नाहीत, आपल्याकडे कावळ्याला पान वाढतात, तिकडे गेलेलं माणूस त्या दिवशी घरी येतं असं मानतात आणि त्याला वाट सापडावी म्हणून पाकळ्या पसरतात. पण हा फरक स्पॅनिशमध्ये सांगायला तिला शब्द लागले आणि ते तिने शोधले, मी दिले नाहीत.

पाठांतराला माझा विरोध नाही. कपाच्या दुसऱ्या दिवशी तोमाबा, तोमाबास, तोमाबामोस सगळी रूपं मुलांनी जोरात म्हटली, तुमच्या वर्गात म्हणत असतील तशीच. फक्त माझ्याकडे कप आधी आला.