गोधडी घ्यायची की पंखा लावायचा, एकदाच सांगा!

हा कसला वसंत? पहाटे ४ वाजता गोधडी नाकापर्यंत, दुपारी २ वाजता पंखा पाचवर आणि तरी बनियन चिंब! मार्च लागला की मुंबईच्या घरात दिवसाला दोन ऋतू. पूर्वेकडून कोरडे वारे सुटतात, समुद्रावरचं वारं उशिरा येतं, तोवर सांताक्रूझच्या वेधशाळेत पारा ३७-३८ वर. कुलाब्याच्या वेधशाळेत मात्र त्याहून गार. मग अंदाज धरायचा कुणाचा?

इडलीचं पीठ बघा. परवापर्यंत १२ तास ठेवूनही ढिम्म, आज ७ तासांत पातेल्याबाहेर, थेट ओट्यावर! विरजण चमचाभर लावलं तर दही आंबटढाण. अर्धा चमचा लावला आणि नेमकी रात्र गार पडली, की सकाळी नुसतं दूध. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास थिजतं, म्हणून सकाळी बाटलीत काडी खुपसा. दुपारी तेच झाकणातून ओघळतंय.

आणि तो एसी! चार महिने बंद, जाळीवर धुळीची गादी, पाणी जाणारी नळी बुळबुळीत घाणीने तुंबलेली. लावला की थेंब थेंब पलंगावर. जाळी काढा, नळाखाली धुवा, सावलीत वाळवा, दहा मिनिटांचं काम. पण सुचतं कधी? मेकॅनिक 'पुढच्या रविवारी बघू' म्हणतो तेव्हा! पंखा पाचवरही रेंगाळतोय? बहुधा कपॅसिटर (पंख्याला जोर देणारा छोटा डबीसारखा भाग) गेलाय, जुन्यावरचा आकडा बघून तेवढाच आणा. (वीज बंद करून, बरं का.) पण नाही, आपण रेग्युलेटरच पिळत बसणार.

गोधड्या धुवून माळ्यावर टाका. त्याच रात्री गारठा. हमखास!