जोडी फोडू नये

गेल्या रविवारी माझ्या बास्केटबॉल टीममध्ये पाच फूट तीन इंचांचा एक आणि सात फूट सात इंचांचा एक असे दोन खेळाडू दाखल झाले. मी घेतले नाहीत. माझ्या नावावर चढले, सातबाऱ्यावर बोजा चढतो तसे. चढवले ते बैलांच्या एका दलालाने, ज्याने जन्मात बास्केटबॉल पाहिलेला नाही. वर त्याची दलालीही मीच दिली.

आमच्या गावात एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉलची लीग, पाहणारे चार जण आहेत. शाळेतले पीटीचे सर, मेडिकलवाला, पुण्याची नोकरी घरी बसून करणारा एक पोट्टा, आणि लोकांचे ऑनलाईन फॉर्म भरून देणारा मी. तिकडे रात्री साडेसातला सुरू होणारी मॅच आपल्याकडे पहाटे पाच-सहाला येते, म्हणजे गाव दूध काढायला उठतं तेव्हा. त्यामुळे बापाला कित्येक वर्षं वाटत होतं की पोरगा पहाटे उठतो, गुणाचा निघाला. पोळ्याच्या दिवसांत मात्र तिकडे मॅचच नसतात. रिकामपणी आम्ही ठरवलं की ड्राफ्ट करू. आजवरचे सगळे खेळाडू समोर धरायचे, चौघांनी पाळीपाळीनं पाच-पाच उचलायचे, आणि ज्याची टीम सगळ्यात रद्दड ठरेल त्यानं नाश्ता द्यायचा.

नियम मी लिहिले. पीकविम्याचे फॉर्म भरून भरून मला अटी लिहायची खोड लागली आहे. तिसरी अट अशी: पाळी आल्यावर दोन मिनिटांत नाव न दिल्यास हजर मंडळी त्याच्या वतीने नाव देतील. ही अट पोट्ट्यासाठी होती. तो फोनमध्ये घुसला की अर्धा अर्धा तास बाहेर येत नाही.

जागा स्टँडवरचं हॉटेल. तिथे कोपऱ्यातल्या बाकावर आबाजी बसलेले असतात. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, खांद्यावर दुपट्टा. आयुष्यभर बैलबाजारात दलाली केली. आता ट्रॅक्टरनं धंदा बसवला. पोळ्याच्या तोरणाखाली एके काळी जोड्या मावत नसत, गेल्या साली अकरा होत्या, त्यातली एक शेजारच्या गावाहून आणलेली. पण पोळा जवळ आला की आबाजींचे हात अजूनही शिवशिवतात. आणि त्यांच्यासमोर आम्ही चार शहाणे कागद पसरून "हा मी घेतला, तो तू घे" करत बसलेलो.

"कोन्त्या बाजारचा माल हाय?" त्यांनी विचारलं.

"अमेरिकेचा," सर म्हणाले.

"लांबून आणाव लागन. भाडं कोनाच्याकडे?"

मी त्यांना समजावून सांगितलं की आणायचं नाही, नुसतं निवडायचं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं बाजारात हात न घालता नुसतं दात पाहत फिरणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहतात. मग पाळीचं विचारलं. पहिल्या फेरीत एक, दोन, तीन, चार. दुसऱ्या फेरीत उलट, चार, तीन, दोन, एक. म्हणजे ज्याची पाळी शेवटी त्याला लागोपाठ दोन मिळतात. मेडिकलवाल्याला हे समजायला त्याआधीचा अख्खा रविवार गेला होता. आबाजी म्हणाले, "मंग काय, वखर मारल्यासारखं. तास सरला का जोडी फिरते." संपलं. याहून सोपं करून मला अजून सांगता आलेलं नाही.

चिठ्ठीत माझा नंबर शेवटचा निघाला. सरांनी मायकेल जॉर्डन घेतला, पोट्ट्यानं लेब्रॉन, मेडिकलवाल्यानं करीम अब्दुल-जब्बार. पोट्टा प्रत्येक नावाला आबाजींना फोटो दाखवत होता. मला तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं.

"किती दाती हाय?" लेब्रॉनचा फोटो पाहून आबाजींनी विचारलं.

"चाळिशी पार झाली आबाजी. २००३ पासून खेळून राह्यला."

"म्हणजे जुळला. कामाले पक्का असन, पन भाव नाही येत."

मी हकीम ओलाजुवान आणि स्टीफन करी घेतले. चौथ्या-पाचव्या नंबरला हे दोन मिळणं म्हणजे भरबाजारात कोणी न पाहिलेली खोंडं मिळणं. ओलाजुवानच्या नावावर ३८३० ब्लॉक, म्हणजे अडवलेले शॉट, आहेत, एनबीएमध्ये त्याच्या पुढे कोणी नाही. करीला २००९ च्या खऱ्या ड्राफ्टमध्ये, जिथे तिकडच्या टीम नवे खेळाडू पाळीपाळीनं उचलतात, सहा नावं झाल्यावर उचललं. मिनेसोटाच्या टीमकडे लागोपाठ पाचवा आणि सहावा नंबर होता आणि त्यांनी दोन्ही वेळा करीच्याच जागेवर खेळणारे दुसरेच घेतले. हे सांगून मी जरा फुशारलो. मग सरांना डिवचायला १९८४ ची गोष्ट काढली. त्या साली ओलाजुवान पहिला गेला, आणि सरांचा जॉर्डन तिसरा. मधल्या नंबरला पोर्टलंडच्या टीमनं सॅम बोवी घेतला. त्यांच्याकडे जॉर्डनच्याच जागेवर खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर आदल्या सालचा होता, त्यांना उंच माणूस पाहिजे होता. बोवी सात फूट एक इंच. पण नडगीच्या हाडापायी कॉलेजचे दोन सीझन घरी बसलेला.

आबाजींनी कप खाली ठेवला. "पायाची खोड मालूम असून घेतला?"

"हो."

"चालून पाह्यला नाही? मागून पाह्यला नाही?"

"डॉक्टरनं तपासला होता आबाजी."

"डाक्टर काय सांगन!" आबाजी खरोखर चिडले. "ढोर घेताना उन्हात उभं करा लागते. एक पाय उचलून दुसऱ्यावर भार देऊ द्या लागते. मंग कान पाहा. ज्या पायाले दुखते त्या बाजूचा कान हालते." पुढची दहा मिनिटं पोर्टलंडच्या नावानं शिव्या. चाळीस वर्षांमागच्या व्यवहारावर इतक्या तळमळीनं बोलणारा माणूस मी पाहिला नव्हता. मेडिकलवाल्यानं पुढे शॅकिल ओनील घेतला, तेव्हा फोटो पाहून आबाजी म्हणाले, "मारका हाय. बाया-पोरायच्या घरी ठेवू नका." शॅकचे फ्री थ्रो, म्हणजे फाऊलनंतर मिळणारे मोकळे शॉट, निम्म्याच्या जरा वरच पडायचे, ५२.७ टक्के, हे कळल्यावर तर म्हणाले की समोर कोणी नसतानाही ज्याला जमत नाही, त्याच्या माथ्यात भोवरा असेल, तो पाहून घ्या.

अकरा नावं झाली. बारावा आणि तेरावा नंबर माझा. टिम डंकन आणि स्कॉटी पिपेन, दोन्ही शिल्लक. मी कागदावर नावं लिहायला पेन उघडला आणि घरून फोन आला.

"लाईन आली."

ज्याचं वावर नाही त्याला या दोन शब्दांचं वजन कळणार नाही. पावसानं अठरा दिवस खंड दिलेला, संत्र्याला ओलीत करायचं. शेतीची लाईन काही दिवस रात्रीची, काही दिवस दिवसाची, आणि दिवसाची म्हणजे त्यांच्या मर्जीची. रात्री बारा वाजता साप-विंचवातून जाऊन बटन दाबायचं आणि सव्वाबाराला लाईन जाणार. पंपाला आपोआप चालू होणारा ऑटो बसवला होता, तो जळाला. दुसरा बसवला, तो कोणीतरी केबलसकट नेला. तक्रार द्यायला गेलो तर सायबानं विचारलं, "बिल कोणाच्या नावावर हाय?" बिल आजोबांच्या नावावर, आजोबा १९९८ ला गेले. म्हणजे चोरी आजोबांची झाली, तक्रार त्यांनी द्यायला पाहिजे. असो. हे सगळं माझ्या टीमच्या विषयात बसत नाही, पण माझी टीम इथंच बसली.

"दहा मिनिटांत येतो. थांबा," म्हणून मी गाडीला किक मारली. सर मान हलवून "हो हो" म्हणाले. हे मला स्पष्ट आठवतं, आणि सरांनी ते नंतर नाकारलं.

वीस मिनिटांनी परतलो. सगळे माझ्याकडे पाहत होते. मेडिकलवाल्याच्या कागदावर चौदाव्या नंबरला टिम डंकन लिहिलेला. माझ्या कागदावर पोट्ट्याच्या अक्षरात बारा: मग्सी बोग्ज. तेरा: मनूट बोल.

"तिसरी अट," पोट्टा म्हणाला. "तुमच्याच हातची हाय भाऊ."

झालं होतं असं: दोन मिनिटं संपली, आता नाव कोणी द्यायचं? तिघांपैकी कोणी दिलं तर मी भांडणार. म्हणून सरांनी, जे पोरांना खिलाडूवृत्ती शिकवतात, तोडगा काढला की त्रयस्थ माणसानं द्यावं. पोट्ट्यानं मुद्दाम एकच फोटो आबाजींपुढे धरला, १९८७ चा, वॉशिंग्टनच्या टीमचा. बोल आणि बोग्ज शेजारी शेजारी उभे. एनबीएमध्ये खेळलेल्या सगळ्यांत ठेंगणा माणूस आणि सगळ्यांत उंच दोघांपैकी एक, दोघांत दोन फूट चार इंचांचा फरक. बोग्जचं डोकं बोलच्या कमरेच्या जरासंच वर.

"यातला कोन्ता घ्याचा?" पोट्ट्यानं विचारलं.

आबाजींनी फोटो लांब धरला, जवळ धरला. "उंच्या कोठचा?"

"सुदानचा. डिंका जमातीचा. लहानपणी गुरं राखे."

इथेच माझं वाटोळं झालं. "गुरं राखे?" आबाजी म्हणाले. "मंग तं घ्याच लागन."

"अन् ठेंगणा?"

"एकाच गोठ्यातले हाय ना?"

"एक साल होते."

"मंग दोन्ही घ्या. जू वाकडं होईन, तं होऊ द्या. जोडी फोडू नये."

आणि माझ्या नावावर जोडी चढली.

मी भांडलो. बराच भांडलो. सौदा फिरवा म्हणालो, तर आबाजींनी कानावर हात ठेवले. "बोललेला सौदा फिरत नाही बाबू. बाजारात तोंड दाखवाव लागते मले." कोणत्या बाजारात, ते विचारायची सोय नव्हती. विसाव्या नंबरला मी रागारागानं डेनिस रॉडमन घेतला आणि टीम पुरी केली.

मग मतदान. आपली टीम सोडून बाकीच्यांना मत द्यायचं. सर म्हणाले, "तुझी टीम नाही बे, ही जत्रा आहे." आणि मी, ज्याला ते दोघे नको होते, त्यांची बाजू मांडायला उभा राहिलो. सांगितलं की बोलनं पहिल्याच सीझनमध्ये ३९७ ब्लॉक मारले. सगळ्या कारकिर्दीत त्याचे पॉइंट १५९९ आणि ब्लॉक २०८६, घातले त्याहून अडवले जास्त, असा दुसरा माणूस नाही. ओलाजुवान आणि बोल एकाच टोपलीखाली उभे केल्यावर तुमचा जॉर्डन चेंडू घालणार कुठून? बोग्ज १४ सीझन खेळला. १९९३ ला त्यानं सात फुटी पॅट्रिक युइंगचा शॉट अडवला. आणि १९८७ च्या ड्राफ्टमध्ये त्याला वॉशिंग्टननं घेतलं तेही बाराव्याच नंबरला! बोलता बोलता लक्षात आलं की मी एका हातानं बोलची पाठ थोपटतो आहे आणि दुसऱ्या हातानं बोग्जचे दात दाखवतो आहे. बाजारात उभा राहून जोडी विकत होतो. आबाजी मागून "शाबास" म्हणाले, त्यानं तर उरलंसुरलं गेलं.

तीनपैकी तीन मतं माझ्याविरुद्ध. पाच प्लेट तर्री-पोहे, सहा आलुबोंडे, आठ चहा. दोनशे नव्वद रुपये.

पैशाचं मी विसरलो असतो. राग दुसराच आहे. शाळेच्या मैदानावर बास्केटबॉलचा एक पोल आहे. एकच. कोणत्यातरी योजनेत दोन आले होते म्हणतात, दुसरा कुठे उतरला ते कोणाला ठाऊक नाही. जो आहे त्याची रिंग दहा फुटांवर पाहिजे, ती साडेनऊवर आहे, कारण खाली माती साचत गेली. २६ जानेवारीला तिच्यावर भोंगा बांधतात. सरांनी तीन अर्ज दिले, तीनही मी माझ्या दुकानात टाइप करून दिले, फुकट. तालुक्याच्या स्पर्धेला टीम पाठवायची तर मैदानात पाच पोरं लागतात आणि बदलीला आणखी. सरांना चौथा पोरगा सापडला की पहिला लग्नाला निघून जातो. आम्ही मोठी माणसंसुद्धा चारच. पाचवा असता तर कागदावर कशाला खेळलो असतो? हे मी त्या दिवशी सरांना म्हणालो. ते पोह्यांत तर्री घालत होते. म्हणाले, "आबाजींना घे." हसले सगळे. मला हसू आलं नाही.

बिल देऊन निघालो, तर आबाजींनी हात धरला. दुपट्टा सोडून माझ्या पंज्यावर टाकला आणि खालून माझं एक बोट दाबलं. बैलबाजारातला भाव असाच ठरतो, चारचौघांत कोणाला कळू नये म्हणून.

"काय आबाजी?"

"दलाली. जोडीची."

एक बोट म्हणजे दहा, शंभर की हजार, ते समजून घ्यायचं असतं. मी शंभर काढले. त्यांनी नोट कपाळाला लावली आणि खिशात घातली. या पोळ्याआधीचा त्यांचा हा एकुलता एक सौदा, असं हॉटेलवाला नंतर म्हणाला.

तेव्हापासून रोज सकाळी मी दुकान उघडायला निघालो की बाकावरून हाक येते, "काऊन बाबू, आपली जोडी कशी हाय? उंच्या खाते ना बराबर?"

मनूट बोल २०१० साली वारला. खेळून कमावलेलं बहुतेक तोवर सुदानच्या लोकांना वाटून झालं होतं. हे आबाजींना सांगितलं तर माझे शंभर परत मागता येतील, जनावर दाखवल्यापेक्षा वेगळं निघालं तर दलालाला जबाब द्यावा लागतो. दोनदा तोंड उघडलं होतं.

"चरून राह्यली, आबाजी," मी म्हणतो, आणि गाडीला किक मारतो.