बुधावर बर्फ आहे, खरंच आहे

आमच्या ग्रुपवर तीन दिवसांपासून एक मेसेज फिरतोय. बुध सूर्याच्या सगळ्यात जवळ म्हणून सगळ्यात गरम, त्याची एकच बाजू कायम सूर्याकडे, तिथं बर्फ सापडला ही निव्वळ थाप, आणि डोळ्याला दिसतसुद्धा नाही अशा ग्रहावर पैसा कशाला. माझ्या चुलत भावानेही तो पुढे ढकलला म्हणून लिहायला बसलोय.

सगळ्यात गरम ग्रह शुक्र आहे. बुधावर दिवसा 430 डिग्रीपर्यंत जातं पण रात्री उणे 180, कारण उष्णता धरून ठेवायला हवाच नाही. शुक्र सूर्यापासून जवळपास दुप्पट लांब, तरी कार्बन डायऑक्साइडची जाड गोधडी पांघरून रात्रंदिवस 465 च्या आसपास असतो.

एकच बाजू सूर्याकडे असते हे शास्त्रज्ञही 1965 पर्यंत मानायचे. त्या वर्षी पोर्तो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीच्या रडारने मोजलं तेव्हा कळलं की बुध 59 दिवसांत स्वतःभोवती फिरतो, म्हणजे ऊन आळीपाळीने सगळ्या बाजूंना लागतं.

आता बर्फाचं बघा, कारण सगळा वाद तिथंच आहे. मे महिन्यात भुसावळला पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा आजी माठ ओसरीच्या आतल्या कोपऱ्यात ठेवते, तिथं ऊन कधीच पोचत नाही, तरी झळ लागतेच कारण हवाच तापलेली असते ना. बुधावर ती झळ आणणारी हवा नाही. त्यात तो ज्याभोवती फिरतो तो आस जवळजवळ सरळ उभा, त्यामुळे ध्रुवांवर सूर्य क्षितिजालाच चिकटून राहतो आणि खोल विवरांच्या तळाला करोडो वर्षांत ऊन शिवलेलं नाही. 1991 मध्ये पृथ्वीवरून सोडलेल्या रडारला तिथूनच लख्ख प्रतिध्वनी आला, बर्फावरून येतो तसा. मग नासाचं मेसेंजर यान 2011 ते 2015 बुधाभोवती फिरलं, त्याच्या न्यूट्रॉन मोजणाऱ्या यंत्राला तिथं हायड्रोजन, म्हणजे पाण्यातला घटक, सापडला, आणि कॅमेऱ्याने विवरांच्या भिंतींवरून परतलेल्या अंधुक उजेडात तळाचे फोटोसुद्धा काढले. तीन वेगळ्या पद्धती एकाच जागी बोट दाखवतात, याला थाप कसं म्हणायचं?

पैसा कशाला, तर बुधाचा लोखंडी गाभा त्रिज्येच्या 80 टक्क्यांहून मोठा आहे, पृथ्वीचा निम्म्याच्या थोडा वर. एवढासा खडकाळ ग्रह असा कसा बनला हे कळलं तर आपली पृथ्वी कशी बनली तेही जास्त कळेल. त्यासाठीच युरोप-जपानचं बेपीकोलंबो यान 2018 ला निघालंय.

आणि दिसत नाही म्हणे! मी आमच्या घराच्या धाब्यावरून, म्हणजे मातीच्या छतावरून पाहिलाय, सूर्य बुडाल्यावर पाऊण तासाने, पश्चिमेला निंबाच्या शेंड्याखाली पिवळट ठिपका, थोड्याच वेळात केळीच्या बागेमागे गेला. तो सूर्यापासून 28 अंशांपलीकडे जातच नाही म्हणून वेळ साधावी लागते. चाळीसगावजवळ पाटणादेवीला 1207 चा शिलालेख आहे, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने मठ काढला त्याचा. त्या ग्रंथांत बुधाच्या गतीचं गणित आहे, आणि दुर्बीण तेव्हा जगात कुठंच नव्हती.