वाडा बघायला येताय? गाडीची किल्ली बरोबर ठेवा

सुट्ट्या लागल्या की पुण्याबाहेरच्या नातेवाइकांना अचानक इतिहास आठवतो. आमचे साडूभाऊ (हिच्या थोरल्या बहिणीचे मिस्टर, त्यामुळे मला त्यांना काही बोलता येत नाही, हे आधीच लक्षात घ्या) गेल्या रविवारी सहकुटुंब शनिवारवाडा बघायला आले होते. रविवारी शनिवारवाडा, हा जोक त्यांनी तीनदा केला आणि तिन्ही वेळा मी हसलो. ते गेल्यापासून माझ्या डोक्यात येतंय की आपण पुणेकर नुसत्या पाट्या लावतो, येणाऱ्याला प्रेमाने बसवून चार गोष्टी सांगत नाही. तर आता सांगतो. पेशव्यांचं पुणं, वाडे, बागा वगैरे बघायला येणार असाल तर हे वाचा आणि तंतोतंत पाळा.

सकाळी मुळीच येऊ नका. सकाळी ऊन नसतं, गर्दी नसते, गाडी लावायला जागा मिळते, मग ट्रिपला गेल्यासारखं वाटत नाही. बरोबर साडेबाराला पोचा आणि "बापरे, काय ऊन आहे हो तुमच्या पुण्यात" असं मला म्हणा, जसं काही ते मीच लावून ठेवलंय.

मेट्रोने तर नकोच. ती आता थेट कसब्यात येते, उतरलं की चालत वाडा, पण मग नवीन गाडी कोणाला दाखवायची? साडूभाऊंची गाडी चार महिन्यांची आहे. मागच्या काचेवर काचभर घोड्यावरचे बाजीराव, खाली तलवार. आतून मागचं काही दिसत नाही, पण अभिमान महत्त्वाचा. ही गाडी लावायला आम्हाला पस्तीस मिनिटं लागली, आणि जागा नव्हती म्हणून नाही हां, एका ठिकाणी शेजारी टू-व्हीलर होत्या, हँडल घासलं तर, दुसरीकडे वर झाड, फांदी पडली तर, तिसरीकडे पोरं क्रिकेट खेळत होती. "एक ओरखडा जरी उठला ना, तरी जीव जातो हो माझा," असं साडूभाऊ म्हणाले. हे वाक्य जपून ठेवा, पुढे लागणारे.

आत शिरलात की पहिला प्रश्न विचारा, सिंहासन कुठंय? पेशवे राजे नव्हते, राजे साताऱ्याला, हे त्यांचे पंतप्रधान, असलं काही कोणी सांगायला लागला तर "आले पुणेरी" म्हणून त्याला गप्प करा. दुसरा प्रश्न, "मग वाडा कुठंय?" नुसती जोती बघून लोकांचे चेहरे असे होतात की मला वाटतं आता तिकिटाचे पैसे परत मागणार. मी आपलं सांगत होतो, १० जानेवारी १७३० ला पाया घातला, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत, दोन्ही दिवस शनिवार म्हणून शनिवारवाडा, खर्च १६,११० रुपये, आणि १८२८ ला आग लागली ती आठवडाभर विझेना, आतला सगळा लाकडी वाडा गेला, राहिलं काय तर तट, दरवाजे, वरचा नगारखाना आणि ही जोती. साडूभाऊ फोनवर होते. फोन ठेवून म्हणाले, "सोळा हजार? एवढ्यात आमच्याकडे मॉड्युलर किचनचा एक ड्रॉवर येत नाही."

"जोत्यावर चढू नये" अशी पाटी असेल तर आधी चढा, मग पाटीवर कोपर टेकवून फोटो काढा. पाटी त्यासाठीच असते.

पाण्याची बाटली आणा. रिकामी झाली की ठेवायला तटाला जंग्या आहेतच. बंदुकीच्या नळीसाठी ठेवलेली भोकं आहेत ती, पण माप बघा, अर्ध्या लिटरची बाटली अशी घट्ट बसते की पेशव्यांच्या दूरदृष्टीचं कौतुक वाटावं.

हजारी कारंजं सोळा पाकळ्यांचं कमळ आहे. म्हणजे वेफर्स वेगळे, चॉकलेटचे कागद वेगळे, आइस्क्रीमच्या काड्या वेगळ्या, कचरा वर्गीकरणाची सोय अठराव्या शतकातच.

तटावर बसून पाय बाहेर सोडा. सवाई माधवराव १७९५ साली ह्याच वाड्यात वरून खाली पडून गेले, एकविसाव्या वर्षी. पण त्यांच्याकडे सेल्फी स्टिक नव्हती.

भुताचं विसरू नका. वाडा म्हणजे भूत. ह्याच वाड्यातून पन्नास-साठ वर्षं अर्ध्या हिंदुस्थानचं राजकारण हललं, इथून निघालेल्या फौजा अटकेपर्यंत गेल्या, पानिपतावर लाख बांगडी फुटली त्याचा घाव ह्याच घराला बसला, १७ नोव्हेंबर १८१७ ला ह्याच वाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. असू दे. तुम्ही विचारा, "ते अमावस्येला ओरडतं ते कुठं?" आणि मग नारायणराव जिथून पळाले म्हणतात तिथं उभं राहून, दोन्ही हात वर करून, "काकाऽऽ मला वाचवाऽऽ" अशी आरोळी ठोका. रील छान येते. आमच्या यशने (साडूभाऊंचे चिरंजीव, दहावी) अकरा टेक घेतले. सातव्या टेकला आवाज फाटला म्हणून परत, नवव्याला मागून कोणाची तरी आजी गेली म्हणून परत. ३० ऑगस्ट १७७३, ह्याच वाड्यात त्यांचा खून झाला तो दिवस. नारायणराव अठरा वर्षांचे होते, यशपेक्षा दोन-अडीच वर्षांनी मोठे, एवढंच मी म्हणालो. मेव्हणी म्हणाली, "भावोजी, तुम्ही फार सीरियस घेता बाई."

बागा बघायच्या असतील तर पुण्यासारखं शहर नाही. मेव्हणीला बागा फार आवडतात, तिने गूगलवर नावं काढूनच आणली होती. तुळशीबाग. तिथं तुळस नाही, बाग नाही, राममंदिर सुरेख आहे पण त्याच्यापर्यंत पोचायला क्लिपा, कानातली, चाळण्या आणि गाऊन ओलांडावे लागतात, मेव्हणी काही ओलांडू शकली नाही, आम्ही दीड तास बाहेर उभे. बेलबाग म्हणजे चौक. हिराबाग म्हणजे पण चौकच. रमणबाग म्हणजे शाळा. विश्रामबाग म्हणजे वाडा, दुसऱ्या बाजीरावांचा, त्याचे लाकडी सुरूचे खांब एकदा मान वर करून बघण्यासारखे आहेत, पण मान वर करून बघणारा माणूस मला त्या रस्त्यावर अजून दिसायचाय कारण त्याला पीएमटीच्या खाली जायचं नसतं. हौदांचं तेच. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून नळ काढून गावात पाणी आणलं, पेठापेठांत हौद बांधले, आता हौदाची नावं उरलीत आणि पाणी टँकरने. शेवटी सारसबागेत गेलो. ती खरी बाग आहे, हिरवळ आहे, गणपती आहे. "तळ्यातला गणपती ना? तळं कुठंय?" बुजवलं. "अगं बाई, कधी?" आता काय सांगू. ह्या गणपतीला थंडीत स्वेटर आणि टोपी घालतात हे मात्र सगळ्यांना एकदम आवडलं, त्यांच्या लेखी पुणे दर्शनातली सगळ्यात भारी माहिती हीच. हिरवळीवर भेळ खाल्ली. कागदांचं काय केलं ते विचारू नका, मीच गोळा केले.

आता किल्ली.

गाडीची किल्ली खिशात तयार ठेवा. साडूभाऊंची रिमोटवाली आहे, बटण दाबलं की टक् करून पातं बाहेर येतं. दिल्ली दरवाजा ओलांडताना ते अणकुचीदार खिळे दिसतात ना, एकेका फळीवर बहात्तर, शत्रूच्या हत्तीने धडक देऊ नये म्हणून लावलेले, ते हत्तीसाठी आहेत. तुमच्यासाठी काही बंदोबस्त केलेला नाही. बाजीरावांना शत्रू बाहेरून येईल असं वाटलं होतं, तो तिकीट काढून येईल हे कसं सुचणार. तर सरळ वर नगारखान्यात जा. तिथं लाकडी खांब आहेत. पेशवाईतलं लाकूड, आठवडाभराच्या आगीतून वाचलेलं. एखादा खांब निवडा, ज्याच्यावर अजून थोडी जागा शिल्लक असेल असा. हे जरा अवघड जाईल, कारण मी उभा होतो तिथून हात पोचेल एवढ्यात मी तेवीस नावं मोजली आणि मग सोडून दिलं. बदाम, बाण, कोणाची तरी बारावीची बॅच, एकाने तर मोबाइल नंबर टाकलाय. कायद्याचा निळा बोर्ड असतो बघा, संरक्षित स्मारकाचं नुकसान केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, त्या बोर्डाच्या कोपऱ्यातसुद्धा एकाने आपलं नाव कोरून ठेवलंय. म्हणजे निदान वाचता येत होतं त्याला.

मी जरा पुढे झरोक्यातून खालचं पटांगण बघत होतो, टक् असा आवाज आला. वळून बघतो तर यश. 'य' झाला होता, छान गोलाई देऊन, 'श' ची शेपटी लाकडाच्या गाठीत अडकली होती म्हणून तो जोर लावून रेटत होता. खाली भुसा पडत होता, अगदी बारीक. लाकूड वरून काळंभोर आणि आतून अजून पिवळसर, कालच कापल्यासारखं. हे मला माहीत नव्हतं, तीनशे वर्षांनी पण आतून ते तसंच असेल असं.

"अरे यश, काय करतोयस?"

"नाव लिहितोय काका."

मी साडूभाऊंकडे बघितलं. मला वाटलं ते एक ठेवून देतील. ते म्हणाले, "अरे, किल्ली तिरकी धर, पातं वाकेल." मग माझ्याकडे बघून, "करू द्या हो, सगळ्यांनीच लिहिलंय. आणि परकं थोडंच आहे? आपलंच आहे सगळं!"

खाली रखवालदार काकांची शिट्टी वाजत होती, ते बिचारे एकटे आणि जोत्यांवर दोनशे माणसं. ही माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती, म्हणजे गप्प बसा, दिवाळीत जायचंय त्यांच्याकडे. आणि मी गप्प बसलो. त्या खांबाला तोंड असतं तर तोही ओरडला असता, काका मला वाचवा. ह्या वाड्यातले काका कधी वाचवतात का!

"आपलंच आहे" म्हणे. हे एक बरं सापडलंय. आपलंच आहे म्हणून कोरायचं, आपलंच आहे म्हणून पिचकारी मारायची, आपलेच पेशवे म्हणून त्यांच्या कारंज्यात कुरकुऱ्याची पिशवी. गाडी पण तुमचीच आहे ना साडूभाऊ? मग तिच्या बॉनेटवर लिहू का मी माझं नाव, त्याच किल्लीने, तिरकी धरून? पस्तीस मिनिटं तुम्ही चार महिन्यांच्या पत्र्याला ओरखडा उठू नये म्हणून मला उन्हात फिरवलंत, तो पत्रा उद्या परत मिळतो हो, शोरूममध्ये रंगासकट मिळतो, हा खांब कुठल्या शोरूममध्ये मिळतो ते सांगा. काचेवर बाजीराव लावायला चारशे रुपये लागत असतील, काही कळावं लागत नाही. जयंतीला स्टेटस, पुण्यतिथीला स्टेटस, कोणी परक्याने आपल्या इतिहासाबद्दल एक शब्द काढला की लगेच रक्त खवळतं तुमचं, आणि पोरगा तुमच्या डोळ्यांदेखत नगारखान्याचा खांब सोलतोय तेव्हा काळजी कशाची, तर पातं वाकेल. अरे लाज वाटू द्या जरा! इंग्रजांना शिव्या घालताय, आगीला शिव्या घालताय, सरकार काही करत नाही म्हणताय. सरकारने काय प्रत्येक खांबामागे हवालदार उभा करायचा का? पोराला एवढं सांगता येत नाही की बाबा हे हाताने बघायचं नसतं, डोळ्यांनी बघायचं असतं? आणि हे मी सगळ्यांनाच बोलतोय, ती तेवीस नावं काय बाहेरगावच्यांचीच असतील असं नाही, त्यातली पाच-दहा आपल्याच पेठेतली असणार. आणि तोंडात मिठाची गुळणी धरून उभा राहिलेला मी, मी पण त्यातलाच. रात्री साडूभाऊंना आग्रहाने दोनदा आम्रखंड वाढलं मी. दोनदा.

'श' ची शेपटी शेवटी अर्धवटच राहिली. यश त्याचं जरा नाराज होता. म्हणाला, "काका, दिवाळीनंतर आम्ही येऊ ना, तेव्हा पूर्ण करतो."

येणारेत. फोन आला होता काल. ह्या वेळी आगाखान पॅलेस बघायचा आहे म्हणे, तिथं लॉन मोठी आहे, फोटो मस्त येतात असं मेव्हणीच्या मैत्रिणीने सांगितलंय. कस्तुरबांची आणि महादेवभाईंची समाधी आहे तिथं, १९४२ ते ४४ गांधीजींसकट कैदेत होते ते सगळे, दोघं तिथंच गेले. मी फोनवर तेवढं सांगितलं. पलीकडून "हो का, वा" आलं. मग मी म्हणालो, साडूभाऊ, एक करा, गाडी इथं आमच्या पार्किंगमध्येच राहू द्या, ओरखड्याची भानगड नको, आणि किल्ली घरी टीपॉयवर ठेवून निघू. आपण सगळे रिक्षाने जाऊ. पैसे मी देतो.