टाळू फाटलेल्या बाळाचं दूध तोडायला सांगणारा मेसेज

सध्या कोल्हापुरातल्या फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ओठ-टाळू फाटलेल्या बाळाला आईचं दूध चालत नाही, ते नाकातून फुफ्फुसात उतरतं, त्याला गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरचं धारोष्ण म्हशीचं दूध निम्मं पाणी घालून, मांडीवर आडवं निजवून पाजावं, ऑपरेशन पाच वर्षं तरी करू नये, आणि हे सगळं आईनं ग्रहणात विळी हातात घेतल्यामुळं होतं. खाली एकाही डॉक्टरचं नाव नाही, हात जोडलेले मात्र तीनदा. मी नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स आहे. हा मेसेज मोबाइलवर उघडून दाखवणाऱ्या आज्या भेटतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

‘आईचं दूध चालत नाही.’ अडचण दुधात नाही, ओढण्यात आहे. तडा गेलेल्या स्ट्रॉनं उसाचा रस ओढून बघा. गाल आत जातात, रस काही वर येत नाही. टाळूला फट असली की बाळानं कितीही ओढलं तरी नाकाकडून हवा आत शिरते. मग ते अंगावर तासभर नुसतं लागून राहतं, दमून झोपतं, घरच्यांना वाटतं पोट भरलं, आणि वजनकाटा वेगळंच सांगतो. तेव्हा टाळू फाटलेल्या बहुतेक बाळांचं नुसतं अंगावर पाजून भागत नाही, एवढं खरं. पण म्हणून दूध बदलायचं नाही, पाजायची रीत बदलायची. पहिल्या दिवसाच्या चिकापासून दूध पिळून काढायचं आणि तेच द्यायचं. दिवसरात्र मिळून आठेक वेळा काढलं तरच ते टिकतं, तेव्हा बाळंतिणीला घरातल्या बाकी कामातून मोकळं करा. फक्त ओठ फाटलेला असेल आणि टाळू शाबूत असेल, तर बरीचशी बाळं अंगावरही पितात.

आणखी एक गोष्ट मेसेजवाल्याला ठाऊक नसावी. कानाची नळी उघडणारे स्नायू टाळूतच असतात, त्यामुळं या बाळांच्या कानात पाणी साठणं, कान फुटणं वारंवार होतं. आईच्या दुधावरच्या बाळांना हा त्रास कमी होतो.

‘दूध नाकातून फुफ्फुसात जातं.’ नाकातून येतं, हे खरं. नाक आणि तोंड यांच्यामध्ये पडदाच नाही, तर येणारच. पण नाक म्हणजे फुफ्फुस नव्हे. थांबायचं, पुसायचं, शिंकू द्यायचं, परत सुरू करायचं. खरा धोका वाढतो तो बाळाला आडवं ठेवून पाजल्यानं, म्हणजे मेसेजच्याच सल्ल्यानं.

आम्ही दाखवतो ते असं. बाळाला सुती कपड्यात गुंडाळून मांडीवर जवळजवळ बसतं धरायचं, मान कोपराच्या घडीत. बोंडलं (तान्ह्याला पाजायची चोचीची वाटी) किंवा चमचा फट नसलेल्या बाजूच्या गालाकडं न्यायचा. थोडं ओतायचं, घोट गिळल्याचं दिसलं की पुढचं. हवा खूप गिळली जाते, म्हणून मधेमधे ढेकर काढायची. पाजणं अर्ध्या तासात उरकायचं. त्यापुढं बाळ जेवढं पितं त्याहून जास्त दमतं. पाजून झाल्यावर वीसेक मिनिटं उभंच धरायचं. दाबून दूध सोडता येणाऱ्या मऊ बाटल्याही मिळतात. बाळ चोखेल त्या तालावर हलकं दाबायचं. साध्या बाटलीच्या निपलला तापल्या सुईनं भोक मोठं करायचा उद्योग मात्र नको, धार आवरत नाही आणि ठसका लागतो. प्रत्येक वेळी ठसका लागत असेल, ओठ निळे पडत असतील किंवा हनुवटी फारच लहान असून श्वास घरघरत असेल, तर तडक डॉक्टरांकडं.

‘म्हशीचं दूध पाणी घालून द्या.’ एक आजी मला म्हणाल्या, ‘‘सिस्टर, तालमीतली पोरं ह्याच दुधावर वाढली की!’’ मी म्हटलं, ‘‘तालमीतली, आजी. हे अडीच किलोचं आहे.’’ आईच्या १०० मिलिलिटर दुधात प्रथिनं साधारण १ ग्रॅम, म्हशीच्या दुधात जवळपास ४. प्रथिनं आणि क्षार एवढे जास्त की तान्ह्याच्या मूत्रपिंडांना ते झेपत नाही. पाणी घातलं की उष्मांक घटतात. मुळात कष्टानं चार घोट घेणाऱ्या बाळाच्या वाट्याला त्यातलं निम्मं पाणी. शिवाय न तापवलेल्या दुधातून क्षयाचे आणि ब्रुसेलाचे (जनावरांकडून माणसाला होणाऱ्या तापाचे) जंतू येऊ शकतात. कट्ट्यावरचा पेला मोठ्यांनीसुद्धा तापवूनच प्यावा, हे माझं मत कोल्हापुरात कुणी ऐकत नाही, ते सोडा. आईचं दूध खरंच कमी पडत असेल तर डॉक्टर सांगतील तीच पावडर, डब्यावरच्या मापानं. सहा महिने घुटी, वरचं पाणी काही नको, आणि मध तर वर्षाचं होईपर्यंत नको.

‘ग्रहणात विळी धरली.’ ओठ गर्भाच्या साधारण सातव्या आठवड्यापर्यंत जुळतो, टाळू बाराव्यापर्यंत. जगभर साधारण ७०० बाळांमागे एक असं जन्मतं, ग्रहण असो वा नसो. आनुवंशिकता, धूम्रपान, फिटची काही औषधं अशी कारणं असतात, पुष्कळदा नेमकं एक कारण सापडतही नाही. विळीला आणि सुनेला मोकळं करा.

‘ऑपरेशन पाच वर्षांनी.’ सगळ्यात जास्त नुकसान या ओळीनं होतं. ओठाचं ऑपरेशन बहुधा ३ ते ६ महिन्यांत करतात, टाळूचं ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान, म्हणजे मूल नीट बोलायला लागायच्या आत. पाच वर्षं थांबलं तर नाकातून बोलायची सवय पक्की होते, मग ऑपरेशननंतरही ती सहजी सुटत नाही. ओठाच्या ऑपरेशनसाठी सर्जन पूर्वापार दहाचा हिशोब बघतात: वय दहा आठवडे, वजन दहा पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो, हिमोग्लोबिन दहा. जन्माचं वजन दोन आठवड्यांत परत यायला हवं आणि पुढं रोज वीस-तीस ग्रॅम वाढायला हवं. तसं होत नसेल तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून ओठ-टाळूचा समावेश आहे. आशाताईंना सांगा, नाहीतर कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात चौकशी करा. ऑपरेशनला अवकाश असला तरी पहिल्याच आठवड्यात जा, आणि जाताना पिळलेलं दूध आणि घरातलं बोंडलं सोबत घ्या, म्हणजे तिथं समोर पाजून दाखवता येईल.