अन्नभेसळीचा कायदा खरोखरच ‘सैल’ झाला का?

‘पूर्वी भेसळ नव्हती, म्हणून कायदाही नव्हता, 2006 साली बड्या कंपन्यांसाठी नवा कायदा आणला, त्यात तुरुंग जाऊन नुसता दंड उरला आणि पाकिटावर क्रमांक छापला की माल सरकारने तपासलेला ठरतो,’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. त्यामागचा संताप रास्त असला, तरी त्यातली माहिती बहुतांशी चुकीची आहे.

पहिल्या विधानाला फार वेळ द्यायला नको. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धान्य, तेल, मीठ, औषधे यांत सारख्याच रंगाचे दुसरे काही मिसळणाऱ्याला बारा ‘पण’ (तेव्हाचे नाणे) दंड सांगितला आहे, आणि जे कोणी करतच नाही त्याला दंड ठरवण्याची गरज पडत नाही. 1860 च्या दंड संहितेत भेसळीची कलमे होती, मुंबई इलाख्याने 1925 मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि 1954 मध्ये अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा झाला.

तुरुंगाचा मुद्दा मात्र नीट पाहायला हवा, कारण त्यात अर्धे सत्य आहे. 1976 च्या दुरुस्तीनंतर जुन्या कायद्यात सर्वसाधारणपणे किमान सहा महिने कैद होती. पण ‘भेसळ’ या एकाच सदरात विषारी रंग वापरणाराही येई आणि ज्याच्या दुधात स्निग्धांश ठरलेल्या प्रमाणापेक्षा किंचित कमी भरला तो गवळीही येई. 2006 साली झालेल्या आणि 5 ऑगस्ट 2011 पासून लागू झालेल्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने हे वेगळे केले. कमी दर्जाच्या मालाला पाच लाखांपर्यंत आणि मिथ्याछाप, म्हणजे वेष्टनावर खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती असलेल्या, मालाला तीन लाखांपर्यंत दंड होतो. असुरक्षित अन्नासाठी मात्र फौजदारी खटलाच चालतो आणि त्यामुळे कोणाचा मृत्यू झाला, तर किमान सात वर्षे ते जन्मठेप आणि किमान दहा लाख दंड अशी शिक्षा आहे. याला सैल म्हणणे कठीण आहे.

‘कंपन्यांसाठी’ म्हणावे, तर तेल-वनस्पती तुपातील ट्रान्स फॅटची (हृदयाला अपायकारक स्निग्धांशाची) मर्यादा 2021 मध्ये 3 टक्के आणि 2022 मध्ये 2 टक्क्यांवर आणली गेली. ती उद्योगाच्या सोयीची नव्हती. खरी कमजोरी अंमलबजावणीत आहे. ऑगस्ट 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मॅगीवरील बंदी रद्द केली, ती कंपनीला म्हणणे मांडू दिले नाही आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी उभी होती त्यांना कायद्याला अपेक्षित मान्यता नव्हती, या कारणांनी. कलमे कितीही कडक केली, तरी नमुना तपासणारी प्रयोगशाळाच कच्ची असेल तर खटला टिकत नाही. त्या संदेशात याविषयी अवाक्षर नाही.

राहिला पाकिटावरचा चौदा आकडी क्रमांक. तो 1 ने सुरू झाला तर परवाना आणि 2 ने सुरू झाला तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. दोन्ही व्यवसायाला दिलेले असतात. हातातले पाकीट कोणी तपासले आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. ज्याला तपासून हवे आहे, त्याच्यासाठी या नव्या कायद्यात कलम 40 आहे: विक्रेत्याला खरेदीच्या वेळी तसे सांगून ग्राहक स्वतः शुल्क भरून पदार्थाची अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो, आणि माल कायद्यात बसत नाही असा अहवाल आला तर ते शुल्क परत मिळते.