छ 7 जमादिलाखर

अठराव्या शतकातल्या मराठ्यांवर शोधनिबंध लिहायला बुद्धी लागते म्हणतात. असेल. तो छापून आणायला मात्र पंचांग लागतं.

नियतकालिकाच्या सूचनापत्रात एक निरागस ओळ असते : ‘तारखा दिवस-महिना-वर्ष या क्रमाने द्याव्यात.’ हे लिहिणाऱ्याने पेशवे दफ्तरातला रुमाल, म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं, कधी सोडलेला नसावा, असा माझा दाट संशय आहे. तिथल्या पत्रावर मजकूर असतो, ‘छ 7 जमादिलाखर, सन इहिदे सितैन मया व अलफ’. छ म्हणजे चंद्र, जमादिलाखर हा हिजरी महिना. पुढचे अंक अरबी आणि एककापासून सुरू : एक, साठ, शंभर, हजार. झाला शुहूर सन, म्हणजे मराठी दफ्तरातलं वर्ष, 1161. आता इसवी सन काढायला यात 599 मिळवायचे की 600? शुहूर सन मृगाला बदलतो. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर 599 आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. आपलं पत्र जानेवारी 1761 मधलं, म्हणजे ऐन पानिपतातलं.

खरी मेख पुढेच आहे. वर्ष सौर, पण महिने हिजरी. बारा चांद्रमासांचे दिवस 354, सौर वर्षाचे 365. उरलेल्या अकरा दिवसांत तीच तारीख त्याच सनात दुसऱ्यांदा उगवते. अशा वेळी पत्रात ‘मंदवार’ किंवा ‘भृगुवार’ लिहून ठेवणाऱ्या कारकुनाचे पाय धरावेसे वाटतात. ज्याने वार लिहिला नाही, त्याच्यासाठी तळटीप लिहावी लागते.

इंग्रजी कागद तरी सरळ असतील म्हणून तिकडे वळावं, तर मुंबईकर इंग्रज 1752 पर्यंत जुन्या, ज्युलियन कालगणनेला चिकटून. गोव्यातले पोर्तुगीज सोळाव्या शतकातच नव्या, ग्रेगोरियन कालगणनेकडे गेलेले. त्यामुळे शिवराज्याभिषेक इंग्रजांच्या लेखी 6 जून 1674 ला आणि गोव्याच्या हिशेबाने 16 जूनला. त्यात इंग्रजांचं वर्ष 25 मार्चला उजाडायचं, म्हणून वखारीतलं फेब्रुवारी 1673 चं पत्र आपल्या 1674 चं. तुम्ही हे सगळं सांभाळून लिहिता आणि परीक्षक शेरा मारतो, ‘तारखांत विसंगती आहे.’

परीक्षण दुहेरी अनामिक असतं, म्हणजे लेखक आणि परीक्षक यांना एकमेकांची नावं कळू द्यायची नाहीत. स्वतःचं नाव काढा, फाइलच्या प्रॉपर्टीजमधूनही काढा, आपल्या जुन्या लेखाच्या जागी ‘लेखक, 2016’ लिहा. एवढं करून तो रुमाल वाचलेली माणसं मोजून चार, आणि परीक्षक त्यांतलाच एक. तो तुम्हाला पहिल्याच परिच्छेदात ओळखतो. ओळख मात्र दाखवत नाही. फक्त स्वतःचे तीन लेख संदर्भात घालायला सुचवतो.

लिप्यंतर हा स्वतंत्र छळ आहे. मोडीत ह्रस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाहीत, आणि संपादकांना रोमन अक्षरांच्या डोक्यावर दीर्घाची रेघ हवी असते, तीही सगळीकडे सारखी. ती कुठे द्यायची हे आपणच ठरवायचं आणि त्याला ‘प्रमाणीकरण’ म्हणायचं.

मग त्या रेघा आणि ठिपके छापखान्यात जातात. तिथल्या फॉन्टमध्ये ती अक्षरं नसली तर जागी रिकामे चौकोन येतात. म्हणून वर्ड फाइलबरोबर फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ पाठवावीच. जुळणी करणाऱ्याला मूळ काय होतं ते निदान दिसतं. मराठी उतारे जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टंकलेले असतील तर रूपांतरानंतर प्रत्येक रफार डोळ्यांनी तपासावा. ‘पूर्व’मधला रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेला असतो.

प्रुफं येतात तेव्हा मुदत असते 48 तासांची, आणि सोबत शंकांची यादी : ‘टीप 3 मधील 1161 हे वर्ष 1761 असावे काय?’ या प्रश्नाला नुसतं ‘नाही’ म्हणावं. खुलासा केला तर तो छापला जातो.

एक काम लिहितानाच करून ठेवावं. ‘पाहा, टीप 14’ हा आकडा हाताने टंकू नये, वर्डमधल्या क्रॉस-रेफरन्सने घालावा, म्हणजे टिपांबरोबर तोही बदलता येतो. परीक्षकाचे ते तीन लेख आत शिरले की टीप 14 ची 17 होते, आणि वाचक पानिपतचा पुरावा शोधत तंजावरच्या जमाखर्चात पोचतो.